लाइट गेली तेव्हाची प्रार्थना

पप्पा,

आज रविवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. शाहपूरहून आत्ताच आलो आणि चहा न घेता हे लिहायला बसलो. मी आठवीत असताना तुम्ही गेलात, आणि मी शाळा सोडून लोधीपुऱ्यातल्या कापड कारखान्यात तुमच्याच लूमवर उभा राहिलो. तेव्हापासूनचं पुष्कळ सांगायचं राहिलंय, पण आज एकच सांगतो.

शाहपूरला केळीच्या मळ्यांत काम करणारी आपली काही कुटुंबं आहेत. त्यांना वचन सांगायला दर रविवारी कुणीतरी जावं, असं चर्चमध्ये ठरलं. देव मलाच बोलावतोय अशी माझी खात्री होती. पाळकसाहेबांनी मात्र कॉलेज शिकलेल्या दुसऱ्या मुलाला निवडलं. तो बोलतो छान आणि वागतो नम्र, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येईना. ही हाक देवाची की माझ्याच मनाची? दोन्हींचा आवाज मला सारखाच वाटत होता.

तुम्ही लूमवर प्रार्थना करायचात. डबा घेऊन आलो की तुमचे ओठ हलताना दिसत. त्या खडखडाटात कुणाला काही ऐकू जात नाही, म्हणून मीही तिथंच मोठ्यानं मागू लागलो. गुरुवारी असाच मागत होतो आणि लाइट गेली. सगळे लूम एकदम थांबले. साऱ्या कारखान्यात माझा एकट्याचा आवाज घुमला, "प्रभू, त्याचा घसा बसू दे, म्हणजे मला पाठवतील."

कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. मग तुमच्या शेजारच्या लूमवरचे चाचा म्हणाले, "बेटा, उस बेचारे का गला काहे को बिठा रहा है? तेरे अब्बा तो सेठ के घुटने के लिए माँगते थे."

त्यांना कसं ठाऊक, असं मी विचारलं. ते म्हणाले, लूमवर जन्म काढलेला माणूस कानानं थोडाच ऐकतो, तो ओठ वाचतो. तापात घरी राहिलात म्हणून ज्या शेठनं तुम्हाला सगळ्यांसमोर बोल लावला, त्याच्या गुडघ्यासाठी तुम्ही रोज मागत होता. लाइट लवकर आली नाही. मी तसाच उभा होतो. तुमची प्रार्थना इतकी वर्षं त्या कारखान्यातच होती, आणि मी तिच्या शेजारी उभा राहून हे मागत होतो.

शनिवारी त्या मुलाच्या आईचा फोन आला. त्याचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मना केलंय, उद्या तू जा. मागितलं ते मिळालं, म्हणजे देवाची इच्छा हीच, की देव मला माझंच मन दाखवत होता? मी त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला, आवाज न करता. मग त्याचे ओठ हलले, "दोघं जाऊ." आणि मला ते वाचता आलं.

आज मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो उभा राहिला आणि मी त्याच्याकडे तोंड करून. तो ओठ हलवायचा, मी मोठ्यानं सांगायचो. शब्द त्याचे, आवाज माझा. लूमच्या गोंगाटात अंगवळणी पडलेली गोष्ट तिथं कामाला आली, जिथं केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. लोकांनी आधी आमच्याकडे टकमक पाहिलं, मग एकेकानं डोळे मिटले. एक म्हातारी पदर डोळ्यांना लावून बसली होती. ती कुणामुळे रडतेय, हे मला त्या क्षणी जाणून घ्यायचंही नव्हतं. पप्पा, अंगावर काटा आला. देव इतक्या जवळ असतो, हे मला माहीत नव्हतं.

हे कुठं पाठवणार? तुमच्या बायबलात ठेवतो. एक मात्र लिहूनच टाकतो. मध्ये एक वाक्य मी माझं घातलं. त्याचे ओठ तेव्हा हलले नव्हते. सगळ्यांत मोठं आमेन त्या वाक्याला आलं. परत येताना तो गाडीवर माझ्या मागे बसला होता, त्यामुळे त्याचे ओठ मला दिसले नाहीत.