वरच्या नळ्या

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार

तो श्रीमंत नावाचा मिस्त्री आला! मिशन शाळेचा नळ्यांचा ऑर्गन सुरात लावायला. आणि मुख्याध्यापिका थोरल्या बाईंनी त्याच्या मदतीला दिलं कोणाला, तर मला — "शिवणाचे तास काय, कोणीही घेईल." नऊ वर्षांपूर्वी याच माणसानं सगळ्या शिक्षकांसमोर सांगितलं होतं, "पुष्पावतीबाईंची बोटं बरी हायेत, पन कान न्हाई." झालं! ऑर्गनवर बसायची माझी जागा गेली ती गेलीच. तेव्हापासून पोरींच्या काजाबटणांत डोळे फोडतेय.

आज म्हणतो, "बऱ्या हाय ना, बाई?" जसं काही घडलंच नाही.

१३, मंगळवार

दुष्काळाचं साल, हवा कोरडी ठक्क. ऑर्गनचं लाकूड उकललंय, नळ्या बेसूर झाल्यात. शाळेचा वर्धापनदिन २५ला, रविवारी.

काम असं — मी बाकावर बसून एक पट्टी दाबून धरायची. तो ऑर्गनच्या पोटात शिरून त्या पट्टीच्या नळीवरचं पत्र्याचं कडं ठोकून वर-खाली करतो. त्याच पट्टीवर वाजणाऱ्या शेजारच्या नळीशी जुळेपर्यंत आवाज थरथरतो. जुळली की थरथर थांबते. मग आतून हुकूम — "फुडची!" वाटतं, तो आत असतानाच दाराला कडी घालावी.

१५, गुरुवार

आज कळलं! जाड नळ्या त्यानं भराभर लावल्या, लाकडावर तळहात ठेवून, थरथर हातानं चाचपत. वरच्या बारीक नळ्या आल्या आणि गड्याची हातोडी थांबली. मग अगदी हळू — "बाई, थांबली का थरथर?"

मला वाटलं, परीक्षा घेतोय. म्हटलं, नाही. त्यानं ठोकलं. "आता?" आता थांबली होती, तसं सांगितलं. पुढच्या नळीला पुन्हा तेच.

त्याला वरचं ऐकूच येत नाही! बाहेर येऊन घाम पुसत म्हणाला, "कुनाला बोलू नगा, बाई. पोटाचा सवाल हाय."

कान न्हाई म्हणे! देवाच्या घरी न्याय आहे.

१६

वैऱ्यावर प्रीती करा — दर रविवारी चर्चमध्ये ऐकते. करीन. पंचवीस तारखेनंतर.

१७, शनिवार

सुरुवात केली. नळी चांगली थरथरत होती आणि मी म्हटलं, "थांबली."

"नक्की ना, बाई?"

"नक्की."

त्यानं लगेच पुढची मागितली. एकदा वाटलं, खरं सांगून टाकावं. पण ते जुनं वाक्य आठवलं आणि पुढच्या नळीलाही थांबली म्हटलं. त्याच्या पुढचीलाही.

वाजवायला पुण्याहून पाहुणे येणार आहेत. त्यांची बोटं वरच्या पट्ट्यांवर गेली की सगळी मंडळी माना वळवून विचारतील, लावला कोणी हा? मग बघू मिस्त्रीला कोण बोलावतं!

२१, बुधवार

काम संपलं. थोरल्या बाई ऐकायला आल्या. मी खालच्या पट्ट्यांवरच एक गीत वाजवलं. "वा, छान!" त्यांना तेवढंच कळतं. मिस्त्री बाईंच्या मागोमाग ऑफिसात गेला, बराच वेळ आत होता. मग थैली उचलून एसटीनं तिसगावला, घरी. जाताना मला नमस्कार केला. मी सुईत दोरा ओवत बसले.

२३, शुक्रवार

सकाळच्या प्रार्थनेत थोरल्या बाई सगळ्या शाळेसमोर म्हणाल्या, "मिस्त्रींनी मला स्वतः सांगितलंय, त्यांचे कान गेलेत. म्हणाले, 'ऑर्गन पुष्पावतीबाईंच्या कानावर लावलाय. तवा मी चुकलो हुतो. असा कान उभ्या नगर जिल्ह्यात न्हाई.'" पुढे म्हणाल्या, "पुण्याच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून तार केलीय. रविवारी आपल्या पुष्पावतीबाईच वाजवतील."

टाळ्या! पोरी उभ्या राहिल्या. मी मनात थरथरत सोडलेल्या नळ्या मोजत होते.

२४, शनिवार

ऑर्गनची किल्ली मागून घेतली. पट्टीवर गीतांच्या पुस्तकाचा कोपरा टेकवला, ती दबलेली राहिली. हातोडी घेऊन आत शिरले. थरथर स्वच्छ ऐकू येत होती — पण कडं किती ठोकायचं ते हाताला कळेना. एक नळी चेपली. बाकीच्यांना हात लावला नाही.

तिसगावची एसटी पाचला आहे. मिस्त्रीच्या दारात उभी राहून काय सांगू?