मोठा प्रोसेसर आणि तुमचा पांढरा बैल

नाना, आज नगरला कॉम्प्युटरच्या दुकानात तुमची आठवण आली, आणि आधी रागच आला. तुम्हाला कॉम्प्युटर ठाऊक नव्हता, मलाही त्यातलं काही कळत नाही. पण तुमच्या नातीला घरी एक नवा जोडून घ्यायचा आहे, सुटे भाग निवडून, आणि सगळं अडलंय प्रोसेसरपाशी. प्रोसेसर म्हणजे त्यातलं ओढणारं जनावर समजा. पुण्याच्या लोकांसाठी ती घरांची चित्रं करते. घर बांधायच्या आधी ते आतून कसं दिसेल, ऊन कुठून येईल, सगळं. ते म्हणालेत, मोठी कामं हवी असतील तर तसं मशीन घे, नाहीतर पुण्याला ऑफिसात येऊन बस.

दुकानदाराने दोन खोकी पुढे ठेवली. एक मधला, एक मोठा. आमच्याजवळच्या पैशात मधला घेतला तर रॅम आणि गार ठेवणारा पंखा चांगला घेता येतो. मोठा घेतला तर बाकी सगळं हलकं. तोच म्हणाला, हलक्या पंख्यावर मोठा तापतो आणि तापला की आपोआप मंद होतो. आमची खोली पत्र्याची, पाथर्डीचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मग दाखवतोस कशाला, विचारलं मी. हसला. म्हणाला, मावशी, सगळे मोठाच मागतात.

तेव्हा मला तुमचा पांढरा दिसला. टायरगाडीच्या जोडीतला एक बैल मेला होता, ऊसतोडीला कारखान्यावर जायचे दिवस आले होते, आणि तुम्ही बाजारातून तो हत्तीएवढा पांढरा घेऊन दारात उभे. शेजारी आपला म्हातारा तांबडा, त्याच्या खांद्याइतका. मी चुलीपाशी आहे, हात पिठात, आणि बोलून जाते, "नाना, ही जोडी जमायची न्हाई." तुम्ही वळूनसुद्धा बघत नाही. "तुला काय कळतंय? भाकरी थाप." अख्खा हंगाम जू तिरपं राहिलं. ओझं सगळं तांबड्यावर यायचं, आई रोज त्याच्या खांद्याला हळद-तेल लावायची, आणि पांढऱ्याची ताकद गाडी रस्त्याकडेला ओढण्यातच जायची. बैल पारखायला लोक तुम्हाला घेऊन जायचे, आणि स्वतःच्या दारात असं कसं केलंत, हे मला आजवर डाचत होतं.

लेकीला म्हटलं, मधलाच घे, बाकीचं सामान तोलामोलाचं पाहिजे. ती चिडली. "आई, हा बैल न्हाई." दुकानदाराला उद्या सांगतो म्हणून निघालो. एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मधला घेतला तर मोठी कामं व्हायची न्हाईत. मग पुण्यालाच जाईन मी." तिच्या आवाजात वाईट वाटल्यासारखं काही नव्हतं. तेच मला लागलं.

आणि तिथे बसल्या बसल्या आईचं जुनं बोलणं आठवलं, त्या वेळी मी त्याकडे कान दिला नव्हता. गाडी असली तरच जवळच्या कारखान्यावर काम मिळायचं. नसती तर मुकादमाने तुम्हा दोघांना लांब कर्नाटकात धाडलं असतं, आणि मला मामीकडे शाळेला ठेवायचं ठरलं होतं. जोडी जमत नाही हे तुम्हाला बाजारातच दिसलं असणार. तरी घेतलात. मी डोळ्यांसमोर राहावी म्हणून. माझी शाळा तिसरीत सुटली ती त्या गाडीमागे.

गावात उतरल्यावर लेकीला सांगितलं, मोठाच घे.

"आणि तापला तर?"

म्हटलं, पत्र्यावर उसाचं पाचट टाकू.

ती बघतच राहिली. म्हणाली, दुकानात तर तू वेगळंच सांगत होतीस. "तुला काय कळतंय?" म्हणाले मी, आणि पुढे चालायला लागले.

हा कागद तिला दाखवायचा नाही, आणि तुमच्यापर्यंत तर तो पोचायचा नाही. म्हणून लिहिते. तिच्या कामासाठी सांगितलं नाही मी, नाना.