खण उघडायचा नाही

कीथली,
४ फेब्रुवारी

ती. एडनाताईंना सिरिलचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

कानांना आता फोनचा उपयोग नाही असं तुम्हीच कळवलंत, म्हणून हे पत्र. अक्षर लागलं नाही तर चष्म्याला दोष देऊ नका, ते माझंच आहे.

मेव्हिसला मंगळवारी हॉस्पिटलातून घरी आणलं. कमरेचं हाड जुळलं, छातीतला कफ गेला, पण तुमची बहीण काही माझ्याबरोबर घरी आली असं वाटत नाही. पुढच्या खोलीत तिचा पलंग लावलाय. ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. बोलत नाही. चहाचे दोन घोट आणि अर्धं बिस्किट, की जेवण झालं. नर्स शॅरन म्हणते, की गिळायला काही अडचण नाही, तिचं मनच उडालंय. आमचे चिरंजीव निगेल म्हणतात, की आई खात नाही आणि बाबांना काही येत नाही, तेव्हा तिला वृद्धाश्रमात ठेवलेलं बरं. ताई, मला ते नको आहे. मेव्हिस ह्या घरात राहावी, दुसरं काही मी मागत नाही.

निगेलचंही अगदीच चूक नाही. ती हॉस्पिटलात असताना मी गॅसवर दूध ठेवून विसरलो आणि शेजारचं फडकं पेटलं. त्यानं त्याच दिवशी गॅस तोडायला लावला आणि मला एक एअर फ्रायर आणून दिला. काळा, बोजड, पुढे खण असलेला. आत काय चाललंय ते दिसायला काचसुद्धा नाही. मी त्यात आजवर फक्त पाव करपवला आहे.

आता खरं काम. काल मी मेव्हिसला विचारलं, की तुला काय खावंसं वाटतं ते तरी सांग. ती भिंतीलाच म्हणाली, टोड इन द होल. घरी आल्यापासूनचा तिचा हा पहिला शब्द. लग्न झाल्यापासून दर शनिवारी मी तो पदार्थ चापून खाल्ला, पण करताना कधी पाहिला नाही, कारण तिनं मला स्वयंपाकघरात उभं केलं नाही. खाली सॉसेज असतात, भोवती फुगलेलं कुरकुरीत पीठ असतं, एवढं ठाऊक आहे. नावात टोड असला तरी आत बेडूक नसतो, हेही ठाऊक आहे. बाकी सगळं तुम्ही सांगा, आणि लवकर सांगा.

लोभ पूर्वीइतकाच ठेवा, थोडा जास्त झाला तरी चालेल.

आपला,
सिरिल


व्हिटबी,
७ फेब्रुवारी

चि. सिरिलला अनेक आशीर्वाद. ऐंशी उलटली तरी तू माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, तेव्हा ‘चि.’ निमूटपणे घे.

पत्र वाचून रडले, मग डोळे पुसून हे लिहायला बसले. माझे गुडघे धड असते तर पहिल्या बसनं आले असते आणि तुला स्वयंपाकघराबाहेर काढलं असतं. तसं होणं नाही, तेव्हा नीट वाच.

एकच कप घे. त्या कपानं अंडी मोज, तेवढाच मैदा, तेवढंच दूध, चिमूटभर मीठ. गुठळी राहू देऊ नकोस. मग ते पातळ पीठ झाकून गार जागी ठेव आणि विसरून जा, विसरण्यात तू हुशार आहेस. पत्र्याच्या डब्यात सॉसेज आणि चमचाभर बीफची चरबी घालून चांगलं तापव. सॉसेज तांबूस झाले आणि चरबीतून धूर निघू लागला, की पीठ एकदम ओत. चर्र असा आवाज आला पाहिजे. पीठ गार आणि चरबी कडकडीत, सगळी मेख तिथे आहे. माझ्या शेजारणीकडे तुझ्यासारखंच यंत्र आहे. ती म्हणते, की डबा खणात सैल बसेल असा घे आणि आच जरा कमी ठेव, कारण वरून गरम वारा मारतो आणि वरचा भाग आधी करपतो.

आणि आता मुख्य गोष्ट. पीठ ओतलं की उघडायचं नाही. आमची आई ओव्हनच्या दाराला पाठ लावून उभी राहायची, वडील आले तरी हलायची नाही. मेव्हिस तिच्यापाशीच शिकली. मध्येच गार हवा लागली की फुगत आलेलं पीठ बसतं, आणि मग ते काही केल्या उठत नाही. तुझी खोड मला माहीत आहे. जन्मभर बस चालवलीस, घडीघडी आरशात बघायची सवय लागली आहे. इथे आरसा नाही. बघायचं नाही.

मेव्हिसला माझा पापा दे. काय झालं ते खरं खरं कळव.

तुझी,
एडना


कीथली,
१८ फेब्रुवारी

ती. एडनाताईंना नमस्कार, मान खाली घालून.

खरं खरं कळवा म्हणालात, म्हणून कळवतो. दोनदा केलं, दोन्हीदा फसलं.

पहिल्या वेळी सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे झालं. चर्र आवाजही आला, आणि मला वाटलं, जिंकलो. मग खण मिटला आणि मी त्याच्यापुढे उभा राहिलो. आत नुसती घरघर. आत काही होतंय की नाही हे कसं कळायचं? एकदा फटीएवढा उघडला. ठीक होतं. मग पुन्हा उघडला. किती वेळा ते विचारू नका. शेवटी जे निघालं ते बुटाच्या तळासारखं होतं, त्यात चार सॉसेज रुतलेले. तरी बशीत घालून तिच्यापुढे धरलं. तिनं बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि परत भिंतीकडे वळली. ताई, ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या वेळी ठरवलं, की हात लावायचा नाही. लावलाही नाही. मात्र डबा घासायचा कंटाळा आला म्हणून रिकाम्या खणात बटर पेपर अंथरला आणि डबा नसतानाच यंत्र तापायला ठेवलं. वाऱ्यानं कागद उडाला आणि वरच्या लालभडक तारेला जाऊन चिकटला. घरभर धूर झाला, छताला लावलेला धुराचा भोंगा केकाटायला लागला, आणि नेमका निगेल दारात.

तो ओरडला नाही. खिडक्या उघडल्या, आईच्या अंगावर शाल घातली आणि मग मला खुर्चीवर बसवून म्हणाला, की बाबा, मला रात्रीची झोप लागत नाही. एक दिवस मला फोन येईल, की घर जळलं आणि तुम्ही दोघं आत होतात. एक मार्चला शुक्रवारी तो आणि शॅरन बसून ठरवणार आहेत. तोवर आई खायला लागली नाही तर तिला बिंगलीच्या वृद्धाश्रमात नेणार. जागा धरून ठेवली आहे. त्याचे डोळे लाल होते, धुरानं असतील असं मी धरून चाललो.

मी काय करू? मला बस चालवता येत होती, ती आता कुणाला नको आहे.

तुमचा,
सिरिल


व्हिटबी,
२२ फेब्रुवारी

चि. सिरिलला आशीर्वाद, आणि एक टपली.

तारेखाली सुटा कागद! माझी शेजारीण तुझं पत्र वाचून खुर्चीतून पडायची बाकी होती. मला मात्र हसू आलं नाही.

मी दोन दिवस विचार केला. तू स्वयंपाकघरात एकटा खपतोस आणि झालेली बशी तिच्यापुढे नेऊन ठेवतोस. हॉस्पिटलात महिनाभर तिनं तेच पाहिलं. कुणीतरी ताट आणतं, कुणीतरी नेतं. आमच्या मेव्हिसला खाण्याचा असा कधी सोस नव्हता. तिला सोस होता करण्याचा, वास घेण्याचा, हुकूम सोडण्याचा. तू गॅसचा ओव्हन काही उचलून तिच्या पलंगाशी नेऊ शकला नसतास. पण ह्या डबड्याला वायर आहे ना? मग पुढच्या खोलीतही प्लग आहे. तिच्या उशाशी टेबल लाव आणि तिथे कर. अंडी तिच्यासमोर फोड. कागद नको, फडकं जवळ नको, आणि पूर्ण वेळ तिथेच बसून राहा.

खाल्लं नाही तर नाही. पण ती अशी भिंतीकडे बघत जायला नको रे. माझ्या पाठची आहे ती.

तुझी,
एडना


कीथली,
२ मार्च

ती. एडनाताईंना सिरिलचा साष्टांग नमस्कार. कंबर साथ देत नाही, तेव्हा मनातल्या मनात.

गुरुवारी दुपारी केलं. टेबल तिच्या उजव्या हाताशी लावलं आणि सगळा पसारा तिथे मांडला. अंडं फोडताना टरफल भांड्यात पडलं, तिनं मान जराशी वळवली. मी ते सावकाश वेचून काढलं. चरबी तापली, खोलीत तो शनिवारचा वास भरला, आणि मला एकदम भडभडून आलं. पीठ ओतलं, खण मिटला. बसलो.

मी पुष्कळ धीर धरला, देवाशपथ. पण दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, ताई. हाही बसला तर सगळंच गेलं, असं डोक्यात घोळायला लागलं, आणि माझा हात आपोआप खणाच्या मुठीकडे गेला.

तेवढ्यात माझ्या मनगटावर काहीतरी येऊन बसलं. मेव्हिसचा हात. नुसती हाडं राहिली आहेत, पण पकड बसली ती बसली. म्हणाली, की हात काढ, सिरिल. आवाज गंजला होता, पण तिचाच होता. मी म्हटलं, फक्त एकदा बघतो. तर म्हणाली, की साठ वर्षं तुला स्वयंपाकघराबाहेर ठेवलं ते ह्याचसाठी, तुझ्या डोक्यात शिरत कसं नाही? उघडशील तर बघ.

यंत्राची घंटी वाजेपर्यंत तिनं मनगट सोडलं नाही. मी रडत होतो आणि मला दुसऱ्या हातानं नाक पुसावं लागत होतं. ती म्हणाली, की खाण्याजवळ सूं सूं करू नकोस.

एका बाजूनं उंच फुगला होता, दुसऱ्या बाजूनं जरा लंगडा. कुरकुरीत कोपरा तिनं स्वतः मोडून घेतला आणि खाल्ला. मग अर्धा सॉसेज. मग म्हणाली, की कांद्याची ग्रेव्ही आहे की भांडी धुतलेलं पाणी? तेवढं सोडलं तर तक्रार केली नाही.

काल निगेल आणि शॅरन आले. मेव्हिसच बोलली. निगेलला म्हणाली, की तुझ्या बापाला एकट्याला ह्या यंत्रापाशी सोडून मी कुठेही जाणार नाही. शॅरन हसली. निगेल बाहेर गेला आणि बराच वेळ गाडीत बसून राहिला. बिंगलीची जागा त्यानं सोडून दिली. शॅरननं मला दाराशी घेऊन सांगितलं, की हृदय थकलं आहे, फार लांबच्या आशा बांधू नका. मी म्हटलं, लांबचं मी मागितलंच नव्हतं.

लोभ करता तो कमीच पडतो, असंच समजा.

आपला,
सिरिल


कीथली,
९ जून

ती. एडनाताईंना सिरिलचा नमस्कार.

दफनाच्या दिवशी तुम्ही चाकाच्या खुर्चीतून आलात, पण माणसांच्या गर्दीत तुमच्याशी धड बोलता आलं नाही. तेव्हा राहिलेलं आता लिहितो. ती पुढच्या खोलीतच गेली, सकाळी, खिडकीकडे तोंड करून. पलंग आम्ही मार्चमध्येच फिरवून घेतला होता. आदल्या शनिवारी फक्त वास घेतला, खाल्लं नाही, पण हात माझ्या मनगटावर होता. मार्चपासूनच्या सगळ्या शनिवारी होता. शेवटी शेवटी पकड नव्हतीच, नुसता ठेवलेला असायचा. मी तरी कुठे हलवत होतो!

काल एकट्यासाठी केला. यंत्र अजून तिच्या पलंगाशीच आहे, पलंग मात्र नेला. पीठ ओतलं, खण मिटला, आणि माझा उजवा हात निघाला मुठीकडे. तो डाव्या हातानं घट्ट धरला आणि घंटी वाजेपर्यंत तसाच बसून राहिलो.

चारी बाजूंनी सारखा फुगला, ताई. असा तिच्यासमोर एकदाही जमला नव्हता. बराच वेळ मला त्याला सुरी लावता आली नाही.

निगेल म्हणतो, की येत्या शनिवारी गाडी घेऊन तुम्हाला आणायला जाईन, मावशीला विचारा. तुम्ही याच. पाय चालत नसले तरी हरकत नाही, माझं मनगट धरायला पाय लागत नाहीत.

वाट पाहणारा,
सिरिल