उन्हात ठेवलेली पुस्तकं

५ जानेवारी १९५९

पुस्तकं परत आणली आणि सूनबाईनं दारातच अडवली! उर्मिला म्हणाली, "अण्णा, तशीच गॅलरीत न्या. आधी कडक ऊन लागू दे."

लालबागच्या म्युनिसिपल शाळेतून, गिरणीवाल्यांच्या खोल्यांतून फिरून आलेली. तिथं घरोघर क्षय, म्हणे. कडुलिंबाचा पाला घालून उन्हात मांडली. गिरगावातल्या घरांतून मीच मागून नेली होती — महिनाभर त्या मुलांनी वाचायची, मग परत, मग दुसरी. केवढी सुंदर कल्पना वाटली होती!

शेजारच्या रमाबाईंना त्यांची दोन द्यायला गेलो. "दिली ती दिली, अण्णा. परत नकोत हो."

१० जानेवारी

शाळेत. नुसतं पुस्तकांचं कपाट देऊन भागत नाही, त्याला कुलूपच लागून राहतं. पुस्तक हातात ठेवणारं माणूस हवं — म्हणून हट्ट धरून कालिंदीला नेमायला लावलं. गिरणीत साचे खात्यात मागावर असलेल्या लवूची मुलगी, सातवी पास. कोण काय वाचतो, सगळं तोंडपाठ! एकाला म्हणाली, "भूत संपलं? मग दरोडेखोर घे. पण रिकामा जाऊ नको रे."

मग मी नेहमीप्रमाणे कविता म्हटली, नदीची, आमच्या मास्तरांच्या चालीवर. मास्तर म्हणताना खिडकीबाहेर बघायचे, आणि आम्हाला वाटायचं नदी तिथंच आहे, गल्लीच्या तोंडाशी. आज एका पोरानं विचारलं, "आजोबा, एवढा आवाज करते नदी, मग गिरणीला भोंगा कशाला लागतो?" इतका हसलो की ठसका लागला. कालिंदीनं पाणी आणलं.

१४ जानेवारी

संक्रांत. रमाबाईंनी तिळगूळ दिला — लांबून, चमच्यानं!

१७ जानेवारी

हेडमास्तर जयवंतरावांनी बाजूला घेतलं. "अण्णा, कालिंदी खोकते. पालक येऊन गेले. छातीचा फोटो स्वच्छ असल्याशिवाय तिला बसवता येणार नाही. आणि ती नाही तर पुस्तकांची खोली बंद. माझे मास्तर साठ-साठ पोरं सांभाळतात, कपाट कधी सांभाळणार?"

कॉर्पोरेटरकडे गेलो. "दुसरं माणूस? आधी मुंबईसह महाराष्ट्र, अण्णा, मग कपाटं!" मलाही हवाच की महाराष्ट्र. नरे पार्कावरच्या सभांत घसा बसेतो ओरडलोय. पण पोरांचं वाचायचं वय थांबणार आहे का तोवर?

जयवंतरावांना मी एक शब्द उलटा बोललो नाही. तेच सलतंय.

१८ जानेवारी

लवूच्या खोलीवर गेलो. कालिंदी स्टोपाशी पाठमोरी बसलेली. एरवी माझ्याशी शाळेतलं शुद्ध बोलते, आज नाही. "माका खोकलो नाय, अण्णानू! पुस्तकां झाडतंय, त्याचो धुरळो तो."

"मग फोटो काढ. स्वच्छच येईल."

लवू उसळला. "फोटो काढूक गेली काय चाळभर होतला! मगे हिच्याशी लगीन कोण करतलो? तुमी?"

चहा तसाच राहिला.

२० जानेवारी

युक्ती सुचली! दोघांनी काढायचे फोटो. चाळीत सांगायचं — गिरगावच्या म्हाताऱ्याची छाती दाखवायची होती, सोबत कालिंदी गेली. लवूनं बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाला, "तुमका चलात?"

चालेल! या वयात माझ्याशी कोण लग्न करणार आहे?

२२ जानेवारी

परळच्या दवाखान्यात फोटो झाले. रांगेत नेमक्या तिच्याच चाळीतल्या राधाबाई भेटल्या. "काय गो, हय खय?"

"अण्णांका घेवन इलंय."

मी लगेच खांदे पाडले, कण्हलो. राधाबाईंना फार दया आली. "नातीसारखी सोबत मिळाली हो, आजोबा." त्या वळल्या आणि कालिंदी पदरात तोंड खुपसून हसली. किती दिवसांनी! मला शाळा चुकवल्यासारखं वाटलं, खरंच.

२४ जानेवारी

खोली बंद. पोरं वाचलेली पुस्तकं हातात घेऊन दाराशी उभी. कुणाकडे देणार?

एकानं विचारलं, "बाई मेल्या का?"

घरी येऊन पडून राहिलो. जेवलो नाही.

३० जानेवारी

फोटो आले. कालिंदीचा स्वच्छ. सोमवारपासून खोली उघडेल.

माझ्या उजव्या बाजूला डाग. डॉक्टर म्हणाले, जुना दिसतो, वर्षाचा तरी.

वर्षभर मी तिथं कविता म्हणतोय. दात गेल्यापासून आवाज लांब जात नाही — म्हणून पोरांना अगदी पुढ्यात घेऊन बसायचो.