रिकामी फाइल

अलीगंज, लखनऊ
१४ जून

प्रिय नयनाताई,

सप्रेम नमस्कार. सोलापुरात घरी सगळे बरे असतील. इथे लूचे गरम वारे चालू आहेत, कूलरसुद्धा गरम हवा फेकतो. आई तुझी आठवण काढते. तुझा फोन लागत नाही, म्हणून घरच्या पत्त्यावर लिहितोय.

फेब्रुवारीत मी कॉलेजसाठी स्वतःचा शेल लिहीत होतो, म्हणजे आपण टाइप केलेली आज्ञा कॉम्प्युटरकडून करून घेणारा प्रोग्राम. त्यात दोन खुणा घालायच्या राहिल्या होत्या. एकीने उत्तर पडद्याऐवजी फाइलमध्ये लिहिलं जातं, दुसरीने फाइलमधून वाचलं जातं. पहिली जमली. दुसरीसाठी मी पहिलीचाच कोड उचलला आणि त्यातला एक शब्द बदलायचा विसरलो.

चाचणीला मोठी फाइल हवी होती. शनिवारी तू आमच्या घरी बाबांच्या संशोधनाचं काम करून गेलीस आणि मी बाबांच्या कॉम्प्युटरवर बसलो. मलिहाबादच्या आंब्यांच्या मोहोराच्या तुमच्या दोघांच्या नऊ वर्षांच्या नोंदी समोरच होत्या. ओळी मोजायची आज्ञा दिली. उत्तर आलं शून्य. पुन्हा दिली, पुन्हा शून्य. मग फाइल उघडून पाहिली, तर रिकामी. माझ्या शेलने ती वाचण्याऐवजी लिहायला उघडली होती, आणि तशी उघडताना आतलं सगळं आधी पुसलं जातं.

सोमवारी बाबा तुला जे बोलले, ते मी दाराआडून ऐकलं. कॉम्प्युटरवर शेवटची तूच बसली होतीस, असं ते म्हणाले. तू दोनदा नाही म्हणालीस. मग पर्स उचलून गेलीस, ती कायमची.

चार महिने मी गप्प होतो.

काल तुझ्या बंगळूरच्या नोकरीसाठी तिथल्या लोकांनी बाबांचं मत मागवलं. बाबांचा चष्मा दुरुस्तीला दिलाय, म्हणून त्यांनी मला टाइप करायला बसवलं. ‘हुशार आहे, पण नोंदी सांभाळण्यात निष्काळजी’ इथपर्यंत मी लिहिलं. पुढे हात चालेना. ते म्हणाले, “लिही ना, भाई.” मी सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, “पण पेनड्राइव्हवरची नक्कल? ती तर मी रविवारी केली.”

हेच मला कुणालाच सांगायचं नव्हतं, ताई. त्या रविवारी मी त्यांच्या शेजारी चहा पीत बसलो होतो. पेनड्राइव्हवरच्या जुन्या, चांगल्या फाइलवर ती रिकामी फाइल चढताना मी बघत होतो. तेव्हा ‘थांबा’ म्हटलं असतं, तर नऊ वर्षं वाचली असती. चूक शनिवारी झाली. रविवारी जे झालं, ती चूक नव्हती.

मी हेही सांगितलं. बाबा ओरडले नाहीत. म्हणाले, “मी तिला विचारलंही नाही रे. सरळ ठरवून टाकलं.” मग त्यांनी तो मजकूर खोडायला लावला आणि नवा सांगितला. नोंदी तुझ्यामुळे नाही, त्यांच्या मुलामुळे गेल्या, हे त्यात माझ्या नावानिशी आहे. तो काल संध्याकाळीच गेला. प्रत सोबत जोडली आहे. मुलाखत पंचवीसला आहे, तू नक्की जा.

पहिल्या पाच वर्षांची हस्तलिखित रजिस्टरं बाबांच्या संस्थेत सापडली आहेत. मी ती टाइप करायला घेतलीत. पुढची चार गेली.

बाबा तुला वेगळं लिहिणार आहेत. दोनदा कागद घेऊन बसले, उठले. माझं पत्र वाचून तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, त्यांना मात्र दे.

तू निर्दोष आहेस हे पहिल्या दिवसापासून माहीत असलेला,
सुश्रुत