तळाचं तोंड

४ मार्च, मंगळवार
नव्या नोकरीसाठी लुआन्श्याला, या जुन्या खाणीच्या गावात, पोचलो. पावसाने रस्त्याची पार चाळण केली आहे, पण चिबेसाकाकूंच्या गेस्ट हाऊसचं फाटक उघडलं आणि शीण गेला. आंब्याची झाडं, मागे पोहण्याचा निळा तलाव आणि तलावाला लागूनच माझी खोली. दोन खिडक्या, चुलीला वेगळा कोपरा. मुतिंताला आवडेल. ती रविवारच्या बसने चोमाहून सगळं सामान घेऊन येतेय. लग्न झाल्यापासून आम्ही पहिल्यांदाच एका छपराखाली राहणार.
स्वयंपाकी जेरेकाका न्गोनी जमातीचे आहेत, आणि न्गोनी-बेंबांनी एकमेकांच्या खाण्याची थट्टा करायची ही जुनी रीत. मी बेंबा असल्याचं कळताच म्हणाले, "आणखी एक माकडखाऊ आला म्हणायचा." मी विचारलं, आज कालवणात उंदीर किती घातलेत? माणूस खूश झाला. मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा आणि तळलेली बारीक कपेंता मासळी आग्रह करकरून वाढली.

५ मार्च, बुधवार
काम समजलं. तलावाच्या आतल्या फरशा एका बाजूने सुटल्यात. गवंडी येण्याआधी पाणी उतरवायचं. हे मी एन्डोलाच्या हॉटेलात कितीदा केलंय. फिल्टरचा दांडा फिरवला की पाणी गाळून परत यायच्या ऐवजी नळीतून बागेत जातं. पंप पाणी दोन ठिकाणांहून ओढतो: काठाजवळच्या भिंतीतलं स्किमरचं तोंड, जे वरची पानं-किडे गिळतं, आणि खोल बाजूला तळातलं तोंड. पाणी स्किमरच्या खाली गेलं की त्याचा व्हॉल्व्ह बंद करून तळाचा उघडायचा, नाहीतर पंप हवा ओढतो आणि जळतो.
काकू शांत बाई आहेत. स्किमरपर्यंतच उतरव, म्हणाल्या. मी मान डोलावली. फरशा खरं तर त्याच्या बऱ्याच खाली सुटल्यात.

७ मार्च, शुक्रवार
स्किमर गुडगुडायला लागला तसा पंप बंद केला. तळाच्या व्हॉल्व्हचा दांडा तारेने आवळून बांधलेला आहे, तारेवर तार. काकूंना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खालचं तोंड उघडायचं नाही."
मग जेरेकाकांनी सांगितलं. काकूंचे यजमान तळाची तुटलेली जाळी बघायला बुडी मारून गेले होते. पंप चालू होता. हात खांद्यापर्यंत आत ओढला गेला.
असं होतं, मी म्हटलं. म्हणून तर जाळी लागते. पंप बंद केला की ओढ संपते.
काकांनी चुलीवरचं भांडं उतरवलं. "पंप मीच बंद केला, पोरा. तरी सुटले नाहीत."
पण घाबरलेल्या माणसाला असंच आठवतं. पाइपातली ओढ लगेच जात नाही, इतकंच.

८ मार्च, शनिवार
काकू सकाळीच एन्डोलाला गेल्या. गवंडी आला, वैतागला, म्हणाला सोमवारी तलाव कोरडा नसेल तर दुसरा माणूस बघा. काम पहिल्याच आठवड्यात अंगाशी आलं तर ही खोली जाईल, आणि मुतिंता निघायच्या तयारीत आहे. मी तारा कापल्या.
पाणी भराभर उतरलं. कमरेएवढं राहिल्यावर पंपाला विश्रांती म्हणून तो बंद केला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले. बागेतली नळी थांबली.
पाणी उतरतच राहिलं.
काठावर बसून बघत होतो. भर दुपार, ऊन. पाणी खोल बाजूला गोल फिरत होतं आणि मधेच थांबत होतं. थांबून पुन्हा. घोट घेतल्यासारखं.
काकू संध्याकाळी आल्या. रागावल्या नाहीत. कोरडा तलाव बघून खाली बसल्या. फरशा राहू देत, उद्या नवी जाळी बसव आणि तलाव पुन्हा भरून टाक, म्हणाल्या. मग माझं मनगट धरून: "हात आत घालू नकोस. काहीही पडलं तरी."

९ मार्च, रविवार
सगळे चर्चला गेलेत. मुतिंता दुपारपर्यंत पोचेल. तिने ते भोक बघायच्या आत जाळी बसवून टाकतो. रोजनिशी खिशात आहे, स्क्रूची मापं लिहायला.

तलावाच्या तळाशी आहे. जाळी बसवताना हातोडी पायाला लागली, हातातला स्क्रू आत पडला. दिसत होता. कडेलाच, वीतभर आत. मी घातला हात.
डाव्या हाताने लिहितोय.
पंप बंद आहे. मीच बंद केला. वीजही काढली.

ओरडून घसा बसला. आवाज भिंतींच्या वर जात नाही. हात सुजला असेल, म्हणून अडकला असेल — साबण असता तर —
नाही. बोटं आहेत. माझ्या बोटांत बोटं.

पाणी येतंय. त्याच तोंडातून, माझ्या हाताभोवतून. खाण बंद झाल्यापासून जमिनीतलं पाणी वर आलंय, काका म्हणत होते. गार. पावलं बुडाली.

ओढलं की आवळतं. गप्प राहिलो की अंगठा फिरवतं. हळूहळू. पोराला थोपटल्यासारखं.

उकिडवाच बसलोय, उठता येत नाही; पाणी छातीच्या वर. पान डोक्याजवळ धरलंय. हनुवटी वर — वही भिजायला नको. काकू, काका, कोणीही वाचलं तर मुतिंताला खाली येऊ देऊ —

फाटक वाजलं.
मला हाक मारतेय. आवाज फुटत नाही. वही हलवतोय, ती बघतेय — ये म्हणून हलवतोय असं वाटलं तिला —
चपला काढल्या. शिडीवर —

सोडलं. आत्ता बोटं सोडली त्याने. हात मोकळा. का सोडलं, मी तर — पाण्यात काही सरकलं, पायाजवळून, शिडीकडे —
मुतिंता, पाय वर घे, पाय