अण्णासाहेबांच्या लेखातली एक ओळ

४ फेब्रु., मंगळ.
साखर कारखान्याचे चेअरमन अण्णासाहेब पुन्हा सीरियस. पुन्हा मी त्यांचा मृत्युलेख काढून बसलो. माणूस जिवंत, लेख तयार, ही आमच्या पेपरच्या डेस्कची रीत. 'सहकारातला वटवृक्ष', 'ऊसतोड मजुरांचे कैवारी'. सगळं मीच लिहिलंय. हात कसे झडले नाहीत कोण जाणे.

५ फेब्रु.
घोळ. व्हॉट्सॲपवर 'गेले' असं आलं. संपादक म्हणाले, "वाट कुणाची बघताय?" लेख साइटवर टाकला. म्हातारा जिवंत! दहा मिनिटांत काढला, पण तोवर नगरभर. नोकरी जाणार.

६ फेब्रु.
गेली नाही. त्यांच्या पीएचा फोन: "साहेबांनी दवाखान्यात स्वतः वाचला. आवडला. एक ओळ राहिली म्हणाले, तेवढी घाला." ओळ अशी: 'त्यांच्या काळात कारखान्यात एकही मजूर दगावला नाही.'
संपादक खूश. "सुटलो! घाला लगेच."
माझे वडील याच कारखान्याच्या आवारात गेले. उसाची गाडी उलटली, खाली सापडले. मी नववीत होतो. कारखाना म्हणाला, माणूस आमचा नाही, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाचा. पंचनाम्यात जागा लिहिली 'रस्त्यावर'.
तयार लेखात ओळ घातली.

९ फेब्रु., रवि.
पाथर्डीला, घरी. आई हरभरे सोलत होती. तिला सांगितलं.
"मग, घातली का तू?"
"घातली."
"व्हय. नोकरी हाय तुजी."
एवढंच. मग जेवायला वाढलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझीच मला किळस येतेय.

१३ फेब्रु.
संपादकांना सांगितलं, ओळ खोटी आहे, माझा बाप तिथंच मेला. ते म्हणाले, "मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये हो."
"अजून जिवंत आहेत ते."
"मग तर मुळीच नको."

१८ फेब्रु., मंगळ.
दुपारी अण्णासाहेब गेले. या वेळी खरे. पान माझ्याकडे. ती ओळ खोडली. तिथं लिहिलं: 'तोडणी मजूर किसन रामा गर्जे कारखान्याच्या आवारात उसाच्या गाडीखाली सापडून मरण पावले, तेव्हा अण्णासाहेब चेअरमन होते.'
संपादक अंत्यदर्शनाला गेलेत. तिथून फोन: "पान मी परवाच पाहिलंय. छपाईला सोडा सरळ."
चार वाजले. सोडलेलं नाही. आईला फोन लावला. म्हटलं, बाबांचं नाव टाकलंय, नोकरी जाईल.
ती म्हणाली, "वाचून दाव."
वाचलं.
"परत वाच."
परत वाचलं. मध्ये संपादकांचा फोन येत होता. घेतला नाही. आई म्हणाली, "अजून येक डाव."